ठाऊक असूनही : व्हिएतनामपर्यंतची वीस वर्षं

व्हिएतनाम युद्धावरची बहुतेक पुस्तकं जिथे सुरू होतात, तिथे हे पुस्तक संपतं. ८ मार्च १९६५ रोजी सुमारे साडेतीन हजार अमेरिकन मरीन सैनिक दा नांगला उतरू लागले. किनाऱ्यावर शाळकरी मुलींनी त्यांच्या गळ्यात हार घातले. पुढच्या दहा वर्षांत काय झालं ते जगाने पाहिलं. नापाम, माय लायचं हत्याकांड, टेटचा हल्ला आणि शेवटी एप्रिल १९७५ मध्ये सायगॉनमधल्या गच्चीवरून माणसं उचलून नेणारी हेलिकॉप्टर यांची छायाचित्रं आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. मला त्याआधीच्या वीस वर्षांबद्दल लिहायचं होतं. १९४५ मध्ये ज्या देशात अमेरिकेचा एकही शत्रू नव्हता, ज्याचं नाव अमेरिकेतल्या सामान्य नागरिकाने ऐकलेलंही नव्हतं, तिथे १९६५ मध्ये लाखो तरुण पाठवण्याची वेळ कशी आली? एवढ्या एका प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे फार ऐकू येतात. अमेरिका साम्राज्यवादी होती, तिला बाजारपेठ आणि कच्चा माल हवा होता, हे पहिलं. ती भाबडेपणाने चिखलात उतरली आणि पाय रुतल्यावरच तिला खोली कळली, हे दुसरं. कागदपत्रं वाचत गेल्यावर मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटू लागली. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी १९६७ मध्ये आपल्याच खात्याकडून या युद्धाचा गुप्त इतिहास लिहून घेतला होता. सात हजार पानांचा, सत्तेचाळीस खंडांचा तो इतिहास डॅनिएल एल्सबर्ग यांनी बाहेर काढला आणि १३ जून १९७१ पासून तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येऊ लागला. ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कागदांतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे अज्ञानाचा अभाव. धोक्याचे इशारे वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत दिले गेले होते. ते योग्य माणसांनी वाचलेही होते. तरीही प्रत्येक वेळी पुढचं पाऊल पडलं.

सुरुवात तर मैत्रीने झाली होती. १९४५ च्या उन्हाळ्यात जपानविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतमिन्हच्या जंगलातल्या तळावर ओएसएस या अमेरिकन गुप्तचर संघटनेची एक लहान तुकडी हवाई छत्रीने उतरली. तिने गनिमांना बंदुका चालवायला शिकवलं. तुकडीसोबतच्या वैद्यकीय सहायकाने तापाने फणफणलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या एका पन्नाशीतल्या माणसावर उपचार केले. तो माणूस म्हणजे व्हिएतमिन्हचे नेते हो ची मिन्ह. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात त्यांनी देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं, ते अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या शब्दांनी. हा मुत्सद्देगिरीचा डाव होता, असं काही जण म्हणतात. असेलही. पण आपल्याला कोणाची मदत हवी आहे, हे एखाद्या क्रांतिकारकाने याहून उघडपणे सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यानंतर हो यांनी अध्यक्ष ट्रुमन यांना पत्रं आणि तारा पाठवल्या. २८ फेब्रुवारी १९४६ ची तार आजही अभिलेखागारात पाहायला मिळते. एकालाही उत्तर आलं नाही.

उत्तर न येण्यामागे व्हिएतनामशी संबंधित असं कारण जवळजवळ नव्हतंच. ते कारण पॅरिसमध्ये होतं. इंडोचायना फ्रान्सला परत देऊ नये, आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवावा, असं ट्रुमन यांच्याआधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं मत होतं. एप्रिल १९४५ मध्ये ते वारले आणि त्यांच्याबरोबर हा विचारही बाजूला पडला. परराष्ट्र खात्यात आशियाचं काम पाहणारे अधिकारी फ्रान्सच्या वसाहतीला पाठिंबा देऊ नये म्हणत होते. युरोपचं काम पाहणाऱ्यांना सोव्हिएत रशियासमोर उभा राहणारा फ्रान्स हवा होता आणि फ्रान्सला आपली वसाहत हवी होती. खात्यात वजन युरोपवाल्यांचं होतं. दूरच्या देशाचं भवितव्य अशा रीतीने तिसऱ्याच देशाच्या हिशेबात ठरलं. पुढची वीस वर्षं हेच चालू राहिलं.

याच वेळचा एक प्रसंग भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. दक्षिण व्हिएतनाममधल्या जपानी फौजांची शरणागती घेण्याचं काम ब्रिटनकडे आलं होतं. त्यासाठी सप्टेंबर १९४५ मध्ये सायगॉनला जी फौज गेली ती जनरल डग्लस ग्रेसी यांची विसावी इंडियन डिव्हिजन. ग्रेसी यांनी कैदेतल्या फ्रेंच सैनिकांना सोडून त्यांच्या हाती शस्त्रं दिली आणि शरण आलेल्या जपानी सैनिकांनाही व्हिएतमिन्हविरुद्ध वापरलं. सायगॉनवर फ्रेंच झेंडा पुन्हा चढला तो भारतीय जवानांच्या पहाऱ्यात. नेहरूंनी याचा जाहीर निषेध केला. स्वतःच्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाचे सैनिक दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला वापरले गेले. हे लिहिताना मला आजही चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

१९४९ पर्यंत वॉशिंग्टनला व्हिएतनाम हे फ्रेंचांचं लचांड वाटत होतं. त्या वर्षी १ ऑक्टोबरला माओंनी चीनमध्ये जनता प्रजासत्ताक जाहीर केलं आणि सगळा नूर पालटला. मार्च १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी चाळीस कोटी डॉलर मागताना ट्रुमन यांनी एक तत्त्व मांडलं होतं. साम्यवादाच्या दबावाला तोंड देणाऱ्या स्वतंत्र राष्ट्रांच्या पाठीशी अमेरिका उभी राहील, असा त्याचा आशय होता. त्याला भौगोलिक सीमा नव्हती. चीन गेल्यावर आता कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. जानेवारी १९५० मध्ये चीन आणि सोव्हिएत रशिया यांनी हो यांच्या सरकारला मान्यता दिली. फेब्रुवारीत अमेरिकेने फ्रेंचांनी बसवलेल्या बाओ दाई या माजी सम्राटाला मान्यता दिली. मे महिन्यात लष्करी मदत मंजूर झाली आणि जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं.

स्टालिनने हो यांच्या सरकारला मान्यता द्यायला चार वर्षांहून अधिक काळ लावला, याकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. मॉस्कोहून हनोईचे दोर हलतात याचा पुरावा परराष्ट्र खात्याच्या स्वतःच्या अभ्यासाला १९४८ मध्ये सापडला नव्हता. परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी १९४९ मध्ये हा वादच मोडीत काढला. हो राष्ट्रवादी आहेत की साम्यवादी हे गैरलागू आहे, वसाहतींमधले सगळे स्टालिनवादी राष्ट्रवादीच असतात, असं त्यांनी कळवून टाकलं. या सिद्धांताची ताकद अशी की कोणताही पुरावा त्याला धक्का देऊ शकत नव्हता.

घरचं राजकारण त्याहून विषारी होतं. चीन कोणामुळे गेला, हा सवाल रिपब्लिकन पक्षाने लावून धरला होता. जणू चीन अमेरिकेच्या मालकीचा होता आणि कोणीतरी तो हरवला! फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी परराष्ट्र खात्यात साम्यवादी भरल्याचे आरोप करत सुटले. जॉन सर्व्हिस, जॉन कार्टर व्हिन्सेंट, जॉन पॅटन डेव्हिस हे चीन जाणणारे अधिकारी एकामागून एक घालवले गेले. त्यांचा गुन्हा एवढाच होता की चीनचे राष्ट्रवादी नेते चँग कै शेक हरणार, हे त्यांनी वेळेत लिहून ठेवलं होतं. मागे राहिलेल्यांनी धडा घेतला. पराभवाचं भाकीत करणाऱ्याची नोकरी जाते आणि पराभव झाकणाऱ्याची टिकते, हा तो धडा. चीन आणि व्हिएतनाम यांचं वैर दोन हजार वर्षांचं आहे, हे दोन्ही एका गोटातले म्हणून कायम एकत्र राहतील असं मानू नये, एवढं सांगायलाही १९६० च्या दशकात त्या खात्यात फार थोडे लोक उरले होते. १९७९ मध्ये याच दोन साम्यवादी देशांत युद्ध झालं.

१९५४ चं वर्ष मी या पुस्तकात मुद्दाम सविस्तर घेतलं आहे, कारण त्या वर्षी अमेरिका थांबली. फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा जवळजवळ ऐंशी टक्के वाटा तोपर्यंत ती उचलत होती. मार्चमध्ये दिएन बिएन फूच्या दरीत फ्रेंचांची निवडक फौज वेढली गेली. भोवतीच्या डोंगरांवर तोफा चढवणं अशक्य आहे, असं फ्रेंच सेनानी मानत होते. व्हिएतमिन्हचे सेनापती जनरल गियाप यांच्या माणसांनी त्या दोरांनी ओढत, खांद्यांवर वाहत वर नेल्या. फ्रान्सने अमेरिकेकडे बॉम्बफेकी विमानं मागितली. संयुक्त सेनाप्रमुख अ‍ॅडमिरल रॅडफर्ड आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांचा कल होकाराकडे होता. ७ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ओळीने उभ्या केलेल्या डॉमिनोंचा तो प्रसिद्ध दाखला दिला. पहिला पडला की बाकीचे पडणारच.

पण विमानं गेली नाहीत. लष्करप्रमुख मॅथ्यू रिजवे कोरियात लढून आले होते. त्यांनी इंडोचायनात माणसं पाठवून साध्या गोष्टींची माहिती काढली. बंदरं किती, धक्के किती, कोणत्या रस्त्यांवरून रणगाडे जातील, पावसाळ्यात विमानतळांचं काय होतं, रोगराई कोणती. उत्तरं भयंकर होती आणि त्यांनी ती अध्यक्षांपुढे ठेवली. ३ एप्रिलला संसदेतल्या नेत्यांनी डलेस यांना बजावलं की मित्रराष्ट्रं सोबत नसतील तर आमची संमती नाही. त्या बैठकीत सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते म्हणून लिंडन जॉन्सन हजर होते. ब्रिटनने नकार दिला. ७ मे रोजी दिएन बिएन फू पडलं, आणि आकाश कोसळलं नाही. नाही म्हणता येतं, सेनानीने खरे आकडे पुढे ठेवले आणि संसदेने प्रश्न विचारले तर महासत्ताही थांबते, याचा हा पुरावा आहे. अकरा वर्षांनी त्याच जॉन्सन यांनी नेमकं उलट केलं.

मग जिनिव्हाची परिषद. जुलै १९५४ मध्ये सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन भाग करणारी तात्पुरती रेषा आखली गेली आणि जुलै १९५६ मध्ये सार्वत्रिक निवडणुका घेण्याचं ठरलं. अमेरिकेने करारावर सही केली नाही. लढाई चालू असताना मतदान झालं असतं तर बाओ दाईंऐवजी हो यांना ऐंशी टक्के मतं पडली असती, असं जाणकारांचं मत आपण ऐकल्याचं आयझेनहॉवर यांनी पुढे आठवणींत लिहिलं. निवडणुका झाल्याच नाहीत. दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम हे कॅथलिक, कडवे साम्यवादविरोधी नेते सत्तेवर आले. १९५५ च्या सार्वमतात त्यांना ९८.२ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. सायगॉनमध्ये नोंदलेले मतदार होते साडेचार लाख आणि दिएम यांना पडलेली मतं सहा लाखांवर. अमेरिकेने पैसा, सल्लागार आणि प्रतिष्ठा अशा पायावर उभी केली.

केनेडी सत्तेवर आले तेव्हा दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सल्लागार हजाराच्या आत होते. त्यांचा मृत्यू झाला तेव्हा सोळा हजार. या वाढीचं मूळ मी क्यूबात आणि बर्लिनमध्ये शोधतो. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावर घडवून आणलेल्या चढाईत त्यांची फजिती झाली, जूनमध्ये व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना धारेवर धरलं, ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. कणखरपणा कुठेतरी दाखवणं भाग होतं आणि ती जागा व्हिएतनाम ठरली. जनरल मॅक्सवेल टेलर यांनी पूरग्रस्तांच्या मदतीच्या नावाखाली आठ हजार सैनिक पाठवावेत असं सुचवलं. केनेडी यांनी लढाऊ फौज नाकारली, सल्लागार वाढवले. सैनिक पाठवणं हे दारूच्या घोटासारखं आहे, अंमल उतरला की दुसरा घ्यावा लागतो, असं ते जवळच्या माणसाला म्हणाले होते. इतकं कळत होतं.

इशारे देणाऱ्यांत एक नाव दिल्लीतलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ तेव्हा भारतात अमेरिकेचे राजदूत होते. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते सायगॉनला जाऊन आले आणि दिएमवर भरवसा ठेवू नका, असं त्यांनी कळवलं. एप्रिल १९६२ च्या टिपणात त्यांनी सांगितलं की आपण फ्रेंचांची जागा घेऊ आणि त्यांच्यासारखेच रक्तबंबाळ होऊ. राजकीय तोडग्याची वाट मोकळी ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. केनेडी यांनी ते टिपण वाचलं आणि संरक्षण खात्याकडे मतासाठी पाठवलं. सेनाप्रमुखांनी ते फेटाळलं. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी तर आकडाच सांगितला होता. पाच वर्षांत तीन लाख सैनिक लागतील, असं ते म्हणाले तेव्हा केनेडी यांनी त्यांना वेड्यात काढलं. प्रत्यक्षात आकडा पाच लाखांवर गेला.

११ जून १९६३ रोजी दिएम यांच्या राजवटीच्या निषेधार्थ सायगॉनच्या चौकात थिच क्वांग डुक या वृद्ध बौद्ध भिक्षूंनी स्वतःला जाळून घेतलं. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनहून गेलेल्या तारेने दिएमविरोधी सेनानींना मोकळीक दिली. २ नोव्हेंबरला दिएम आणि त्यांचे भाऊ न्हू यांना चिलखती गाडीत ठार मारण्यात आलं. माझ्या मते परतीची वाट खऱ्या अर्थाने बंद झाली ती त्या दिवशी. आतापर्यंत अमेरिका एका सरकारला मदत करत होती. यापुढे सायगॉनमध्ये जे कोणी बसेल त्याला बसवल्याची जबाबदारी तिच्यावर आली. तीन आठवड्यांनी केनेडी यांचीही हत्या झाली.

जॉन्सन यांच्याविषयी लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण त्यांचा आवाजच ऐकायला मिळतो. ते आपले फोन ध्वनिमुद्रित करत. २७ मे १९६४ रोजी त्यांनी जुने मित्र सिनेटर रिचर्ड रसेल आणि सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी केलेली संभाषणं आता खुली आहेत. हे लढण्याच्या लायकीचं नाही आणि त्यातून बाहेरही पडता येत नाही, असं ते बंडींना सांगतात. आपल्याकडे काम करणाऱ्या, सहा मुलांच्या बाप असलेल्या एका सार्जंटची त्यांना आठवण येते. या माणसाला तिकडे कशासाठी पाठवू, असं ते विचारतात. आणि माघार घेतली तर आपल्यावर महाभियोग चालेल, अशी भीतीही बोलून दाखवतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चीन गमावल्याच्या आरोपाने ट्रुमन यांचं काय झालं, ते जॉन्सन यांनी सिनेटमधून पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी टोंकिनचं आखात. २ ऑगस्टला ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवर उत्तरेच्या बोटींनी हल्ला केला, हे खरं. त्याआधी काही दिवस दक्षिणेच्या कमांडोंनी त्याच किनाऱ्यावरच्या बेटांवर छापे घातले होते, हे मात्र लोकांना सांगितलं गेलं नाही. ४ ऑगस्टच्या वादळी रात्री दुसरा हल्ला झाल्याचं कळवणाऱ्या कॅप्टन हेरिक यांनीच काही तासांत शंका कळवली. खराब हवामान आणि उतावळे सोनार चालक यांमुळे भास झाला असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तो हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराने दाखवून दिलं आणि तो अभ्यास २००५ मध्ये खुला झाला. पण ७ ऑगस्ट १९६४ रोजी प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षांना मोकळा हात दिला. वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग ही विरोधात उभ्या राहिलेल्या दोघांची नावं. दोघेही १९६८ मध्ये आपल्या जागा गमावून बसले.

पुढचा क्रम वेगाने घडतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये प्लेकूच्या तळावर हल्ला होऊन आठ अमेरिकन मरतात. मार्चमध्ये उत्तरेवर नियमित बॉम्बफेक सुरू होते. विमानांना तळ हवा, तळाला पहारा हवा, म्हणून दा नांगला मरीन येतात. सायगॉनमध्ये राजदूत असलेल्या मॅक्सवेल टेलर यांनी आधीच विरोध कळवला होता. एकदा पहिली तुकडी आली की हात आखडता घेणं कठीण जाईल, आणि गनिम कोण व गावकरी कोण हे गोऱ्या सैनिकाला ओळखता येणार नाही. हेच टेलर १९६१ मध्ये आठ हजार सैनिक मागत होते. एप्रिलमध्ये मरीनना तळाबाहेर पडून लढण्याची परवानगी मिळाली, आणि धोरण बदललं असं दिसू नये, अशी ताकीदही सोबत गेली.

त्याच मार्च महिन्यात संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांनी मॅकनामारांसाठी एक टिपण केलं. आपण का लढतो आहोत, याची त्यांनी टक्केवारी मांडली. सत्तर टक्के, अपमानास्पद पराभव टाळण्यासाठी. वीस टक्के, हा प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून. दहा टक्के, दक्षिण व्हिएतनामी जनतेला अधिक चांगलं, मुक्त जीवन मिळावं म्हणून. जाहीर भाषणांत हे प्रमाण बरोबर उलटं असे. या युद्धात सुमारे ५८ हजार अमेरिकन मेले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये आपल्या मृतांचा अंदाज दिला तो तीस लाखांच्या घरातला. त्या टिपणाची नक्कल मी टेबलावर समोर ठेवूनच शेवटची प्रकरणं लिहिली.

हनोईविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडच्या डाव्या चळवळीत हो यांची प्रतिमा संतासारखी जपली गेली, आणि मीही त्या वातावरणात वाढलो. पण उत्तरेतल्या जमीनसुधारणेत हजारो माणसं मारली गेली, आणि १९५६ मध्ये खुद्द पक्षाला त्या अतिरेकाची कबुली द्यावी लागली. दक्षिणेतल्या उठावाला हनोईचं बळ होतं, आणि ले झुआन यांच्या नेतृत्वाखाली १९६३ च्या अखेरीस युद्ध तीव्र करण्याचा निर्णय तिथेच झाला. अमेरिकेचा दोष दाखवण्यासाठी हे झाकायची गरज नाही.

भारताचा धागा सायगॉनच्या पहाऱ्यावर संपला नाही. जिनिव्हा कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद १९५४ पासून भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे सदस्य. जून १९६२ च्या विशेष अहवालात भारत आणि कॅनडा यांनी मिळून उत्तरेच्या घुसखोरीवर आणि दक्षिणेच्या अमेरिकेशी झालेल्या लष्करी संधानावर, दोन्हींवर ठपका ठेवला. पोलंडने असहमती नोंदवली. आणि सामान्य भारतीय घरापर्यंत हे युद्ध धान्याच्या वाटेने आलं. बॉम्बफेक थांबवा, असं भारत म्हणत राहिला. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन यांनी शास्त्रीजींची ठरलेली भेट ऐन वेळी पुढे ढकलली. १९६६ च्या जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत त्याच मागणीच्या संयुक्त पत्रकावर सही केली, तेव्हा जॉन्सन भडकले. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली मिळणारा मदतीचा गहू भारताला एकेका महिन्याच्या हिशेबाने, थोडा थोडा सोडला जात होता. भारताने शेतीधोरण बदलावं हा त्यामागचा एक हेतू होता आणि व्हिएतनामबद्दलचा राग हा दुसरा. रेशनच्या रांगेत उभं राहून तो गहू आणि लाल मिलो घरी आणणाऱ्या आमच्या आयांना याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. जहाजांच्या त्या राजकारणावर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, आणि आयोगाच्या १९६२ च्या अहवालातले महत्त्वाचे भाग मराठीत करून परिशिष्टात दिले आहेत. वाचकाने परिशिष्ट आधी वाचलं तरी चालेल. तीन वर्षांनी वॉशिंग्टन ज्या गोष्टी नाकारत होतं, त्यांतल्या बऱ्याच त्यात लिहिलेल्या आहेत.